ग्रीस मारलं की बॉल जॉइंट बरा होतो?

बॉल जॉइंट म्हणजे चाकाकडचा भाग सस्पेन्शनला जोडणारा, वाटीत फिरणारा गोळा. सस्पेन्शनमधून टकटक आवाज आला की ‘ग्रीस मार, अजून वर्षभर चालेल’ हा सल्ला हमखास मिळतो. ग्रीसने आवाज दबतो, एवढंच. जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी-धूळ शिरली की गोळा आणि त्याची वाटी झिजते. झिजलेला धातू ग्रीसने भरून येत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये तर रुंद टायर आणि जोरदार ब्रेकिंगमुळे एवढासा खेळही (ढिलेपणा) स्टिअरिंगला जाणवतो.

गाडी जॅकवर घ्या, चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर दोष बहुधा व्हील बेअरिंगचा (उगाच चांगला जॉइंट उपटणारेही कमी नाहीत), राहिला तर जॉइंटकडे बघा. नवा बसवल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या.