मुसलमान येशूला मानतच नाहीत?

नाताळ जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘मुसलमान येशूला मानतच नाहीत.’

तसं नाही. कुराणात येशू ‘इसा’ या नावानं येतात, पैगंबर म्हणून. त्यांच्या आईच्या नावाची अख्खी सूरा (कुराणाचा अध्याय) आहे, १९वी, मरियम. कुराणात नावानिशी उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. कुमारीपोटी जन्म दोन्हीकडे मान्य. सूरा ३, आयत (म्हणजे वचन) ४५ ते ४७ आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय शेजारी ठेवून वाचा.

खरा मतभेद पुढं आहे. ख्रिस्ती श्रद्धेत येशू देवाचे पुत्र, वधस्तंभावर मरण पावले, तिसऱ्या दिवशी उठले. कुराण पुत्रत्व नाकारतं (४:१७१, म्हणजे सूरा ४, आयत १७१) आणि क्रुसावरचा मृत्यूही (४:१५७). शिवाय मुहंमद हे अखेरचे पैगंबर (३३:४०), हे ख्रिस्ती मानत नाहीत. त्यामुळे ‘दोघांचं म्हणणं एकच’ हा उलटा फॉरवर्डही तितकाच चुकीचा.

पडताळायला मराठी किंवा कन्नड, जो वाचता येईल तो अनुवाद घ्या. मागच्यापुढच्या चार-पाच आयतीही वाचा. जुन्या काही अनुवादांत क्रमांक एखाददुसऱ्यानं सरकलेले असतात. आणि नुसतं ‘कुराणात लिहिलंय’ म्हणणाऱ्या मेसेजला आधी सूरा-आयत विचारावी.