बीस्टी बॉइज

बीस्टी बॉइज : न्यू यॉर्क शहरातला अमेरिकन बँड. १९८१ मध्ये हार्डकोअर पंक (अतिवेगवान, आक्रमक रॉक) वाजवणाऱ्या शाळकरी वयाच्या मुलांनी तो सुरू केला. पुढे तो रॅपकडे (तालावर ठेक्यात शब्द म्हणण्याकडे) वळला आणि २०१२ मध्ये अ‍ॅडम याउक यांच्या निधनानंतर थांबला. मायकल डायमंड (माइक डी), अ‍ॅडम याउक (एमसीए) आणि अ‍ॅडम होरोविट्झ (अ‍ॅड-रॉक) हे तिघे त्याचे कायमचे सदस्य. पंक आणि हिप-हॉप (रॅप व डीजेंचे संगीत) यांचा मेळ घालणारा बँड अशी त्यांची ओळख सांगितली जाते. ती खरी आहे, पण हा मेळ ज्या अल्बममुळे झाला असे मानतात, त्या ‘लायसन्स्ड टू इल’मध्ये तो फारसा नाही.

सुरुवातीच्या चौकडीत डायमंड गायचे, याउक बेस गिटार वाजवायचे, जॉन बेरी गिटारवर होते आणि ड्रमवर केट शेलनबाख. नावात ‘बॉइज’ असले तरी ताल एका मुलीच्या हाती होता. पहिला कार्यक्रम ऑगस्ट १९८१ मध्ये, याउक यांच्या सतराव्या वाढदिवसाला, बेरी राहत त्या जागी झाला. या मुलांचे दैवत होते बॅड ब्रेन्स, म्हणजे वॉशिंग्टनहून आलेला कृष्णवर्णीय वादकांचा हार्डकोअर बँड. त्यांच्यासारखीच ‘बी-बी’ ही आद्याक्षरे यांनी घेतली आणि ‘पॉलीवॉग स्ट्यू’ (१९८२) ही पहिली छोटी तबकडीही बॅड ब्रेन्सने जिथे ध्वनिमुद्रण केले होते त्याच ‘१७१ए’ या स्टुडिओत केली. थोड्याच काळात बेरी बाहेर पडले आणि होरोविट्झ आले.

त्या वर्षांत ब्रॉन्क्समधले हिप-हॉप मॅनहॅटनच्या दक्षिण भागातल्या क्लबांमध्ये उतरत होते. १९८१ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश पंक बँड द क्लॅशने टाइम्स स्क्वेअरजवळच्या आपल्या कार्यक्रमांत हिप-हॉपचे डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश यांना आधी मंचावर बोलावले, तेव्हा पंकच्या श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. म्हणजे दोन्ही संगीतांचे रसिक काही आपोआप जुळले नव्हते. जुळण्यासारखे मात्र बरेच होते. दोन्हीकडे रीतसर शिक्षणाची अट नव्हती. पंकला तीन स्वरमेळ पुरत, हिप-हॉपला दोन टर्नटेबल (तबकडी वाजवण्याची यंत्रे) आणि एक माइक. दोन्हीकडे गाण्यापेक्षा ओरडून सांगण्याला मान होता.

बीस्टी बॉइजची या वाटेवरची पहिली खूण म्हणजे ‘कुकी पस’ (१९८३). आइस्क्रीमच्या दुकानात केलेला एक खोडसाळ फोन त्यांनी ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्याखाली ताल लावला. गाणे म्हणून ते फार मोलाचे नाही, पण क्लबमध्ये ते वाजू लागले. त्याच तबकडीवरचा एक तुकडा ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीत परवानगीविना वापरला गेला. दाव्यातून मिळालेल्या ४०,००० डॉलरमधून या मुलांनी चायनाटाउनजवळ ख्रिस्टी स्ट्रीटवर भाड्याने जागा घेतली. पुढे इतरांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वापरून नाव कमावणाऱ्या बँडला पहिला मोठा पैसा असा उलट बाजूने मिळाला.

कार्यक्रमात हे गाणे सादर करायचे तर डीजे हवा, म्हणून न्यू यॉर्क विद्यापीठातला विद्यार्थी रिक रुबिन त्यांच्याबरोबर आला. रुबिन यांनी रसेल सिमन्स यांच्यासह ‘डेफ जॅम’ ही कंपनी उभी केली आणि बीस्टी बॉइजना पूर्णवेळ रॅपकडे वळवले. या बदलात शेलनबाख यांना वगळण्यात आले. तीन रॅपर मुलगे या नव्या चित्रात ड्रमवाली मुलगी बसत नव्हती, हे त्यामागचे साधे कारण. होरोविट्झ यांनी पुढे या वागण्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. १९८५ मध्ये मॅडोना यांच्या दौऱ्यात त्यांना मुख्य कार्यक्रमाआधी वाजवणारा बँड म्हणून नेण्यात आले, तेव्हा मॅडोनासाठी आलेल्या श्रोत्यांनी त्यांना मुळीच दाद दिली नाही. पुढच्या वर्षी रन-डीएमसी या कृष्णवर्णीय रॅप गटाबरोबरच्या दौऱ्यात कृष्णवर्णीय श्रोत्यांनी मात्र या गोऱ्या मुलांना स्वीकारले.

नोव्हेंबर १९८६ मधला ‘लायसन्स्ड टू इल’ हा बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला रॅप अल्बम ठरला. पंक-हिप-हॉप संगमाचा दाखला म्हणून हमखास याचेच नाव घेतले जाते. प्रत्यक्षात त्यातली गिटार पंकची नाही. ती रुबिन यांच्या आवडीची, हार्ड रॉक आणि हेवी मेटलची आहे. एका गाण्यात तर स्लेअर या मेटल बँडचे केरी किंग गिटार वाजवतात. पंकचा राहिला तो फक्त उद्धटपणा. दारुड्या, उनाड पोरांची टवाळी म्हणून जी गाणी सुरू झाली, तीच तसल्याच पोरांनी डोक्यावर घेतली आणि बँडही त्या सोंगात अडकला. पिंजऱ्यातल्या नर्तकी आणि मंचावरची अश्लील सजावट यांवरून टीका झाली. १९८७ मध्ये लिव्हरपूलचा कार्यक्रम दंग्यात संपला. कृष्णवर्णीय कलेवर गोऱ्या मुलांनी पैसा केला हा आक्षेपही तेव्हापासूनचा. ज्या संगीताला तोवर हे यश मिळाले नव्हते, ते या तिघांच्या चेहऱ्यांमुळे मिळाले, हे नाकारता येत नाही.

मानधनावरून डेफ जॅमशी बिनसल्यावर तिघे लॉस एंजेलिसला गेले आणि ‘कॅपिटॉल’ कंपनीसाठी डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांसह त्यांनी ‘पॉल्स बुटीक’ (१९८९) केला. शंभराहून अधिक ध्वनिमुद्रणांचे तुकडे एकमेकांत गुंफलेला हा अल्बम सुरुवातीला विक्रीत पडला. आज त्याला सॅम्पलिंगच्या, म्हणजे असे तुकडे (सॅम्पल) वापरण्याच्या कलेतला मानदंड समजतात. तसा अल्बम पुन्हा करणे लवकरच जवळपास अशक्य झाले, कारण १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने परवानगीविना सॅम्पल वापरणे ही चोरी ठरवली आणि प्रत्येक तुकड्याची किंमत मोजावी लागू लागली.

खरा मेळ जमला तो त्यानंतर. तिघांनी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅटवॉटर व्हिलेज भागात ‘जी-सन’ नावाचा स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि जुनी वाद्ये पुन्हा हाती घेतली : डायमंड ड्रमवर, याउक बेसवर, होरोविट्झ गिटारवर. कीबोर्ड वाजवणारे मनी मार्क हे मुळात सुतारकामासाठी आलेले गृहस्थ. ध्वनिमुद्रणाची बाजू मारिओ काल्डाटो यांनी सांभाळली. तासन्‌तास मोकळे वाजवायचे आणि मग आपल्याच वादनाचे तुकडे कापून त्यांवर रॅप करायचा, ही ‘चेक युअर हेड’ (१९९२) या अल्बमची रीत. इथे गायक स्लाय स्टोनचे एक फंक (ठेकेबाज नृत्यसंगीत) गाणे थेट हार्डकोअरच्या वेगाने येते आणि त्याच्या आगेमागे रॅप असतो. पंक आता दिखाव्यापुरता उरला नव्हता, काम करण्याच्या पद्धतीतच उतरला होता. ‘इल कम्युनिकेशन’ (१९९४) ने हीच वाट पुढे नेली आणि तो पहिल्या क्रमांकावर गेला. १९९५ मध्ये त्यांनी ‘आल्यो ए ओल्यो’ ही निव्वळ हार्डकोअर तबकडी काढली. त्यात आठ गाणी सुमारे अकरा मिनिटांत संपतात!

‘चेक युअर हेड’मधल्या एका सॅम्पलवरून दीर्घ खटला झाला. बासरीवादक जेम्स न्यूटन यांच्या ध्वनिमुद्रणातला सहा सेकंदांचा, तीन स्वरांचा तुकडा बँडने वापरला होता. ध्वनिमुद्रणाची परवानगी घेतलेली होती, रचनेची नव्हती. २००३ मध्ये अपील न्यायालयाने बँडच्या बाजूने निकाल दिला : इतका अंश रचनेच्या दृष्टीने नगण्य आहे. हा निकाल संगीताच्या स्वामित्वहक्काच्या चर्चेत आजही उद्‌धृत होतो.

या काळात याउक बौद्ध धर्माकडे वळले. नेपाळमध्ये त्यांची तिबेटी निर्वासितांशी भेट झाली होती. ‘इल कम्युनिकेशन’मध्ये तिबेटी भिक्षूंच्या मंत्रघोषाचे सॅम्पल आहे आणि बोधिसत्त्वाच्या प्रतिज्ञेवर एक रॅपही आहे. धर्मशाळेत राहणाऱ्या दलाई लामांच्या अहिंसक भूमिकेला पाठिंबा म्हणून याउक यांनी ‘मिलारेपा फंड’ उभारण्यात पुढाकार घेतला. जून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या पहिल्या ‘टिबेटन फ्रीडम कॉन्सर्ट’ला दोन दिवसांत सुमारे एक लाख लोक आले. स्त्रियांबद्दलची भाषाही बदलली. १९९४ च्या एका गाण्यात याउक स्त्रियांच्या अवमानाविरुद्ध स्पष्ट बोलतात, तर १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात होरोविट्झ यांनी त्या वर्षीच्या वुडस्टॉक महोत्सवातल्या लैंगिक अत्याचारांचा विषय काढला.

मिक्स मास्टर माइक हे डीजे सामील झाल्यानंतरच्या ‘हॅलो नॅस्टी’ (१९९८) या अल्बमच्या निमित्ताने बँडला पर्यायी संगीत (ऑल्टरनेटिव्ह) आणि रॅप अशा दोन्ही विभागांत ग्रॅमी मिळाले. ‘टू द फाइव्ह बरोज’ (२००४) न्यू यॉर्कला उद्देशून आहे, तर ‘द मिक्स-अप’ (२००७) मध्ये फक्त वादन आहे. २००९ मध्ये याउक यांना लाळग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शेवटचा अल्बम २०११ मध्ये आला. एप्रिल २०१२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या सोहळ्याला याउक येऊ शकले नाहीत. ४ मे २०१२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते वारले. आपले संगीत जाहिरातींसाठी वापरू नये असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. मॉन्स्टर एनर्जी या पेय-कंपनीने परवानगीविना गाणी वापरल्यावर २०१४ मध्ये ज्यूरीने बँडला १७ लाख डॉलर भरपाई मंजूर केली.

उरलेल्या दोघांनी बँड पुढे चालवला नाही. त्यांनी २०१८ मध्ये बँडच्या आठवणींचे जाडजूड पुस्तक काढले. २०२० मध्ये स्पाइक जोन्झ दिग्दर्शित ‘बीस्टी बॉइज स्टोरी’ हा माहितीपट आला. २०२३ मध्ये मॅनहॅटनमधल्या लडलो आणि रिव्हिंग्टन रस्त्यांच्या चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. ‘पॉल्स बुटीक’च्या वेष्टनावरचे छायाचित्र याच कोपऱ्याचे आहे.