नव्या वनस्पती-जातीचे वर्णन (पर्वतीय अरण्ये)

नव्या वनस्पती-जातीचे वर्णन : शास्त्राला तोवर अपरिचित असलेल्या वनस्पतीला शास्त्रीय नाव देऊन तिची लक्षणे आणि जवळच्या जातींहून असलेले तिचे वेगळेपण नियमानुसार प्रसिद्ध करणे. एखादी अनोळखी वनस्पती जंगलात दिसली एवढ्याने ती नवी जाती ठरत नाही. डोंगरात राहणारे लोक तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असतात, त्यांच्या बोलीत तिला नावही असते. ती नवी असते ती शास्त्राच्या नोंदवहीत. या नोंदवहीत दरवर्षी सुमारे २,००० वाहिनीवंत (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या) वनस्पतींची भर पडते.

त्यांपैकी बऱ्याच जाती पर्वतीय अरण्यांतून येतात, याला कारण डोंगराची घडणच आहे. दर हजार मीटर चढाला हवा साधारण सहा अंश सेल्सिअसने गार होत जाते, त्यामुळे पायथ्याची झाडे मध्यावर दिसत नाहीत आणि मध्यावरची माथ्यावर नाहीत. उष्ण कटिबंधात ठरावीक उंचीवर वर्षातला बराच काळ ढग टेकलेले असतात. तिथे फांद्या शेवाळाने आणि आमरांनी (ऑर्किडांनी) लगडलेल्या असतात, जमिनीवर तेरडे, बेगोनिया आणि नेचे माजलेले असतात. हा ओला पट्टा एका शिखरावर असतो, समोरच्या शिखरावरही असतो, पण मधल्या उबदार दरीत नसतो. तेरड्याची शेंग तडकून बी उडते ते जेमतेम काही मीटर. दरी ओलांडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशी फारकत दीर्घकाळ टिकली की समोरासमोरच्या दोन शिखरांवरचे तेरडे एकमेकांपासून दुरावत जातात. म्हणूनच एकाच शिखरापुरती, कधी तर एकाच ओढ्याच्या काठापुरती मर्यादित असलेली जाती पर्वतांत आढळते.

दुसरे कारण पोहोचण्यातल्या अडचणींचे. कडेकपाऱ्यांनी जंगलाला कुऱ्हाडीपासून वाचवले, तसेच वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दूर ठेवले. अनेक रोपे भर पावसात, वाटा बंद असताना फुलतात आणि फूल नसेल तर ओळख पटवणे बहुतेक वेळा अशक्यच असते. कारवी ज्या स्ट्रोबिलँथिस प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे तिच्या कित्येक जाती अनेक वर्षांतून एकदाच फुलतात आणि मरून जातात. तो हंगाम चुकला की पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या शहरापासून फार दूर नसलेले जंगलही असे अनोळखी राहू शकते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येला असलेल्या वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात १९९४ मध्ये डेव्हिड नोबल या उद्यान-कर्मचाऱ्याला एका अरुंद घळीत अपरिचित सूचिपर्णी वृक्ष दिसले. पूर्ण वाढलेली झाडे शंभराहून कमी, उंची ४० मीटरपर्यंत. १९९५ मध्ये वोलेमिया नोबिलिस या नावाने त्यांचे वर्णन झाले आणि त्यासाठी नुसती जातीच नव्हे, तर प्रजातीही नवी मांडावी लागली.

नमुना : वर्णनाचा आधार असतो तो वाळवलेला नमुना. फुला-फळांसह फांदी, रोप लहान असेल तर मुळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून लाकडी चौकटीत दाबतात आणि कोरडे होईपर्यंत रोज कागद बदलतात. ढगात बुडालेल्या जंगलात हे जमत नाही. कागदच ओला राहतो आणि दोन दिवसांत पानांवर बुरशी चढते. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नमुन्यांचे गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांवर स्पिरिट ओततात, पिशवीचे तोंड घट्ट बंद करतात आणि डोंगर उतरल्यावर ते सावकाश वाळवतात. या उपायाने नमुना सडत नाही, पण पाने तपकिरी पडतात आणि डीएनए खराब होतो. म्हणून पानाचा एक तुकडा आधीच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत टाकून वेगळा ठेवावा लागतो.

जे कागदावर टिकत नाही ते वहीत उतरवून घ्यायचे असते : फुलाचा ताजा रंग, वास, चीक येतो का आणि कोणत्या रंगाचा, साल कशी सुटते, झाड किती उंच, खडकावर वाढते की दुसऱ्या झाडावर, समुद्रसपाटीपासूनची उंची, फुलावर कोणते कीटक येतात. नवखे संग्राहक या नोंदींबाबत आळस करतात आणि पुढे त्याची भरपाई कशानेही होत नाही. वाळलेल्या पाकळीचा मूळ रंग पांढरा होता की फिकट जांभळा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

एकाच वेळी, एकाच ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांना एकच क्रमांक देतात आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या हर्बेरियमांत (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयांत) पाठवतात. त्यांतला एक नमुना होलोटाइप म्हणून जाहीर होतो, म्हणजे ते नाव कायमचे त्या एका नमुन्याशी बांधले जाते; उरलेल्या प्रती आयसोटाइप. प्रती का लागतात याचे उत्तर बर्लिनच्या हर्बेरियमने दिले आहे. मार्च १९४३ मधल्या बॉम्बहल्ल्यात तो संग्रह जळाला आणि त्याबरोबर असंख्य टाइप नमुने (नावांचे आधारनमुने) गेले. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या त्या जातींचा आधार टिकला.

मोजकीच रोपे शिल्लक असतील तर नमुना घ्यावा का, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. १ जानेवारी २००७ पासून सपुष्प वनस्पतीच्या नव्या नावाला प्रत्यक्ष नमुनाच टाइप म्हणून लागतो, नुसते छायाचित्र किंवा चित्र चालत नाही. अशा वेळी अख्खे रोप न उपटता फुलाची एक फांदी घेणे हाच जबाबदार मार्ग. वनखात्याची परवानगी आणि जैविक संपत्तीवरचा त्या देशाचा हक्क या बाबीही इथे येतात. २०१० मध्ये झालेला आणि २०१४ पासून लागू असलेला नागोया करार याच विषयाचा आहे.

तुलना : सर्वाधिक वेळ जातो तो इथे. वनस्पती नवी आहे असे म्हणणे म्हणजे त्या प्रजातीतल्या आजवर नाव मिळालेल्या एकाही जातीत ती बसत नाही असे म्हणणे, आणि ते दाखवून द्यावे लागते. तेरड्याच्या प्रजातीत हजाराहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्याचे फूल इतके पाणीदार की दाबल्यावर सगळे भाग एकमेकांना चिकटून नुसता डाग उरतो. जोसेफ डाल्टन हूकर यांच्यासारख्या मुरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये निधन होईपर्यंत, वयाच्या नव्वदीनंतरही, या प्रजातीचा गुंता सोडवण्यात आपली अखेरची वर्षे घातली. आता शक्यतो ताजेच फूल सोडवून घेतात. खालचे संदल (पाकळ्यांबाहेरचे दल) होडीसारखे की नरसाळ्यासारखे? ते मागे निमुळते होऊन जी शुंडिका तयार होते ती सरळ आहे, आत वळलेली आहे की टोकाशी दुभंगलेली? बाजूची संदले दोन की चार? वरच्या सुट्या पाकळीच्या पाठीवर कणा आहे का? बाजूच्या पाकळ्या दोन-दोन जोडलेल्या असतात, त्यांच्या खालच्या खंडाचा आकार कसा? प्रत्येक भाग चिमट्याने उचलून काळ्या कापडावर मोजपट्टीशेजारी मांडायचा, फोटो घ्यायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवायचा. नंतर किंजपुटावरची (फुलातल्या बी धरणाऱ्या भागावरची) लव, परागकण आणि बियांचे कवच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.

मग जवळच्या जातींचे मूळ लेख आणि टाइप नमुने तपासायचे. पूर्वी यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जावे लागे. आता बऱ्याच टाइप नमुन्यांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. डीएनएच्या तुलनेने नाते कुणाशी आहे ते कळते आणि संशयित वेगळेपणाला बळ मिळते. पण नियमांनुसार ती सक्तीची नाही आणि नुसत्या डीएनएवर उभे केलेले वर्णन जंगलात वनस्पती ओळखू पाहणाऱ्याच्या फारसे कामी येत नाही. एकाच नमुन्यावरून केलेले वर्णनही कच्चेच म्हणायला हवे. सावलीतल्या रोपाची पाने मोठी आणि पातळ होतात, उघड्यावरच्या रोपाची लहान आणि जाड. दहा-वीस रोपे मोजल्याशिवाय 'पाने ४ ते ९ सेंमी. लांब' असे लिहिण्याला अर्थ नाही.

प्रसिद्ध होणाऱ्या लेखात संपूर्ण वर्णन, रेखाचित्र, नकाशा, फुलण्याचा काळ हे सगळे असते. पण त्याचा प्राण म्हणजे सर्वांत जवळची जाती कोणती आणि तिच्याहून ही नेमकी कशाने वेगळी, हे सांगणारी काही वाक्ये. पुढचा अभ्यासक आधी तीच वाचतो आणि दावा खोडायचा झाला तर तिथूनच सुरुवात करतो. दावे खोडलेही जातात. वाहिनीवंत वनस्पतींच्या मान्य जाती सुमारे ३.५ लाख आहेत, आजवर दिलेली नावे मात्र १३ लाखांहून अधिक. एकाच जातीला अनेकांनी वेगवेगळ्या काळी नावे दिली, हे त्याचे मोठे कारण. अशा वेळी सर्वांत आधीचे वैध नाव टिकते.

नियम आणि नाव : वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १ मे १७५३ ही आरंभाची तारीख मानते; कार्ल लिनीयस यांच्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथाची ती तारीख धरली जाते. १९५८ पासून टाइप सांगणे बंधनकारक झाले. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत लॅटिनमधले वर्णन किंवा वेगळेपणाचे टिपण आवश्यक होते. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी दोन्ही चालतात आणि ठरावीक अटींवर केवळ इंटरनेटवरील प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. नाव दोन शब्दांचे, पहिला प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. दुसरा शब्द एखाद्या लक्षणावरून, ठिकाणावरून किंवा व्यक्तीवरून घेतात. स्वतःचे नाव देऊ नये असा संकेत आहे. फिलिपीन्समधल्या पालावान बेटावरच्या व्हिक्टोरिया पर्वतावर सापडलेल्या घटपर्णीला (घड्यासारख्या पानांत कीटक पकडणाऱ्या वनस्पतीला) २००९ मध्ये निसर्गपटकार डेव्हिड ॲटनबरो यांच्यावरून नेपेंथिस ॲटनबरोई हे नाव मिळाले. कॅमेरूनच्या एबो अरण्यातला एक वृक्ष २०२२ मध्ये युव्हेरिऑप्सिस डिकॅप्रिओ झाला, कारण ते जंगल वाचवण्याच्या मोहिमेत अभिनेते लिओनार्डो डिकॅप्रिओ यांनी आवाज उठवला होता. प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाने जंगलाकडे लक्ष वेधले जाते, हे खरेच. पण ओळखायला मदत होते ती लक्षणावरून दिलेल्या नावाचीच.

रखडलेली वर्णने : नव्या जाती नेहमी रानातूनच येतात असे नाही. जगात ३,००० हून अधिक हर्बेरियम असून त्यांत जवळपास ४० कोटी नमुने आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नव्या जातींपैकी फक्त १६ टक्के जातींचे वर्णन नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांत झाले होते आणि सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत ५० वर्षांहून जुने नमुने वापरलेले होते. नमुना असतो, त्या प्रजातीचा जाणकार नसतो. वर्गीकरणाचे शिक्षण आणि त्यातल्या नोकऱ्या आटत गेल्या तर हा अनुशेष वाढतच राहणार, आणि नाव नसलेली जाती संरक्षणाच्या कोणत्याही यादीत येत नाही.

म्हणूनच आज बहुतेक लेखांत आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांनुसार धोक्याचे मूल्यमापनही जोडलेले असते. प्रसारक्षेत्र १०० चौ. किमी.पेक्षा किंवा प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र १० चौ. किमी.पेक्षा कमी असेल आणि ठिकाणे तुटक असणे, सतत घट होणे यांसारख्या अटी पुऱ्या होत असतील, तर जाती 'अतिसंकटग्रस्त' गटात जाते. पर्वतीय जातींना आणखी एक धोका आहे. हवा तापत गेली की वनस्पतींना गारवा शोधत वर सरकावे लागते आणि माथ्यावरच्यांना वर जागाच नसते. वर्णन प्रसिद्ध होणे हेही कधी घातक ठरते. व्हिएतनामच्या उत्तरेकडील चुनखडीच्या डोंगरांतल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स या आमराचे वर्णन १९९९ मध्ये झाले आणि काही वर्षांतच विक्रीसाठी ओरबाडणाऱ्यांनी ते नैसर्गिक अधिवासातून जवळपास संपवले. त्यामुळे आमरे, घटपर्णी अशा मागणी असलेल्या वनस्पतींचे नेमके अक्षांश-रेखांश लेखात छापत नाहीत. वोलेमायची घळही अशीच गुप्त ठेवलेली आहे.

इक्वाडोरमध्ये अँडीजच्या पश्चिम उतारालगत सेंतिनेला नावाची डोंगररांग आहे. तिथले अरण्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतीसाठी तुटले आणि फक्त तिथेच वाढणाऱ्या जाती त्याबरोबर नष्ट झाल्या, असे मानले गेले. तिथल्या जुन्या नमुन्यांवरून २००० मध्ये नारिंगी, पोट फुगल्यासारख्या फुलांच्या एका वनस्पतीचे वर्णन झाले तेव्हा ती नामशेषच झाली असणार असे धरून तिला गॅस्टेरँथस एक्स्टिंक्टस, म्हणजे 'नामशेष', असे नाव दिले गेले. २०२१ मध्ये शोधपथकाने जंगलाचे उरलेले तुकडे पालथे घातले तेव्हा ती जिवंत सापडली; ही माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सेंतिनेलापुरत्याच समजल्या गेलेल्या इतर जवळपास सर्व जातीही पुढे अन्य ठिकाणी आढळल्या. अर्थ चुकीचा ठरला म्हणून वैध नाव बदलता येत नाही, असा संहितेचा नियम असल्याने ही वनस्पती याच नावाने नोंदलेली आहे.