फ्रान्समधील खेडेगाव

फ्रान्समधील खेडे म्हणजे बहुतेक वेळा एक स्वतंत्र ‘कम्यून’, म्हणजे स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान एकक. चर्च, मेयरचे कार्यालय, एखादा चौक, दगडी घरांच्या दोन-चार गल्ल्या आणि भोवतीची शेते एवढा त्याचा पसारा. 14 डिसेंबर 1789 च्या कायद्याने चर्चच्या जुन्या पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांच्या) जागी कम्यून आली आणि लहान-मोठ्या सगळ्या गावांना एकसारखा कारभार मिळाला. आज देशात सुमारे 35,000 कम्यून आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक गावांची वस्ती 500 च्या आत आहे. द्रोम जिल्ह्यातल्या रोशफूर्शा या कम्यूनमध्ये तर जनगणनेत कितीतरी वर्षे एकच कायमचा रहिवासी नोंदला जात होता.

या खेड्यांचे वर्णन करताना प्रवासी लेखक फुलांनी भरलेल्या खिडक्यांपासून सुरुवात करतात. गावाचा गाडा मात्र चालतो तो ‘मेरी’ नावाच्या मेयर कार्यालयातून. मेयर हा आपल्या सरपंचासारखा निवडलेला गावकारभारी असतोच, शिवाय जन्म-मृत्यूची नोंद करणारा आणि लग्न लावणारा सरकारी अधिकारीही असतो. ही नोंदवही 1792 साली क्रांतीने चर्चकडून काढून घेतली. तेव्हापासून कायदेशीर लग्न मेरीतच लागते. चर्चमधला विधी हवा असेल तर तो त्यानंतर. लहान गावात मेरी आठवड्यातून दोन-तीन वेळाच उघडते, आणि तिथली सचिव बहुधा शेजारच्या आणखी एक-दोन गावांचेही काम पाहते. 1,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावांत मतदार पूर्वी मतपत्रिकेवरची नको ती नावे खोडून हवी ती लिहू शकत. गावातले जुने हिशेब चुकते करण्याची ती हक्काची जागा होती. 2025 च्या कायद्याने तिथेही स्त्री-पुरुष समान संख्येच्या याद्यांची पद्धत लागू झाली आणि ही मौज संपली.

चर्चची गोष्ट जरा गमतीची आहे. 1905 च्या कायद्याने राज्य आणि धर्म वेगळे झाले, पण आधी बांधलेली गावोगावची चर्च कम्यूनच्या मालकीची राहिली. त्यामुळे देव न मानणाऱ्या मेयरलाही चर्चच्या छताची गळती काढून द्यावी लागते. एकेका पाद्र्याकडे आता अनेक गावे असल्याने रविवारची प्रार्थना आळीपाळीने होते; घंटा मात्र वेळेवर वाजतात.

चर्चजवळ किंवा मेरीसमोर पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक असते. ते नसलेले गाव शोधावे लागेल. या युद्धात फ्रान्सचे सुमारे 14 लाख सैनिक मारले गेले आणि त्यांत शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने होती. मूठभर घरांच्या गावातही एकाच आडनावाची तीन-तीन नावे दगडात कोरलेली दिसतात. 11 नोव्हेंबरला मेयर तिरंगी पट्टा घालून ती वाचून दाखवतो. व्हेर्दांजवळची काही गावे 1916 मध्ये तोफांच्या माऱ्यात पार नाहीशी झाली. त्यांपैकी सहा कम्यूनमध्ये आजही एकही माणूस राहत नाही, तरी कागदोपत्री ती जिवंत आहेत आणि त्यांना सरकारनियुक्त मेयर आहे.

खेड्याचे आजचे देखणेपण बऱ्याच अंशी ओस पडण्यातून आले आहे. 1931 च्या जनगणनेत शहरी वस्तीने ग्रामीण वस्तीला मागे टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि शेतीला माणसे कमी लागू लागली. अर्थशास्त्रज्ञ झां फुरास्तिए यांनी नैर्ऋत्येकडच्या दुएल या गावाचे 1946 आणि 1975 चे चित्र शेजारी शेजारी मांडले होते. पहिल्या साली कामकरी लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत होते, दुसऱ्या साली एक चतुर्थांश. तरुण शहरात गेले तिथे जुनी घरे पाडून नवी बांधायला कुणी उरले नाही, आणि पडक्या भिंती पुढे ‘वारसा’ ठरल्या. 1982 मध्ये कोलोंज-ला-रूज या लाल वालुकाश्मातल्या गावाचे मेयर शार्ल सेराक यांनी पुढाकार घेऊन ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संघटना काढली. वस्ती 2,000 च्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे या तिच्या प्रमुख अटी. बिरुद मिळालेली गावे आज 180 च्या आसपास आहेत. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात निम्म्या खिडक्या बंद असतात, कारण बरीच घरे शहरवासीयांची किंवा परदेशी लोकांची सुट्टीतली घरे झाली आहेत. खेड्याचे रोजचे जगणे पाहायचे असेल तर बिरुद न मिळालेले गाव गाठावे.

तिथे दिवस पावापासून सुरू होतो. पाव तिथेच मळून भाजत असेल तरच दुकानाला ‘बुलांजरी’ (बेकरी) म्हणता येते, असे 1998 चा कायदा सांगतो. 1993 च्या आदेशानुसार ‘पारंपरिक’ पावाचे पीठ कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. दुकानात शिरताना सगळ्यांना ‘बोंझूर’ म्हणायचे. न म्हणणारा उद्धट ठरतो. बेकरी नसलेल्या गावात पाव व्हॅनमधून येतो, किंवा किराणा दुकानात ठेवला जातो, किंवा आता चक्क यंत्रातून निघतो. दुपारी बारा ते दोन दुकाने बंद आणि जेवण निवांत. संध्याकाळी झाडांखाली, विशेषतः दक्षिणेत, पेतांक रंगतो. लोखंडी गोळे सहा ते दहा मीटरवरच्या लाकडी गोळीजवळ टाकायचा हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी ला सियोता येथे सुरू झाला. संधिवाताने धावता न येणाऱ्या खेळाडूसाठी उभ्या जागी टाकण्याचा नियम निघाला, असे सांगतात. गावचा कॅफे मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. 1960 च्या सुमारास देशात दोन लाखांच्या आसपास कॅफे होते, आज 40,000 सुद्धा नाहीत. वर्तमानपत्र, तंबाखू, टपाल आणि चहाड्या एकाच काउंटरवर मिळण्याची सोय त्यांच्याबरोबर गेली.

राजकारणात खेड्याच्या प्रतिमेला भाव आहे. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फ्रान्स्वा मितेराँ यांच्या निवडणूक भित्तिचित्रामागे निएव्ह्र जिल्ह्यातल्या सेरमाज गावाचे चर्च दिसत होते. गावकऱ्यांच्या अडचणी यापेक्षा रोखठोक आहेत: डॉक्टर मिळत नाही, शाळेचे वर्ग बंद होतात, मोटारीवाचून पावही आणता येत नाही. 2018 मध्ये इंधनकराविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले तेव्हा लहान गावांतली माणसे रस्त्यावर उतरली ती याच कारणाने. 2023 च्या शेवटी तार्न जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी गावांच्या नावांच्या पाट्या उलट्या बसवायला सुरुवात केली आणि हे निषेधाचे लोण देशभर पसरले.

नव्याने राहायला आलेले आणि जुने गावकरी यांच्यातला तंटा न्यायालयातही जातो. ओलेराँ बेटावरचा मोरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून शेजाऱ्यांनी खटला भरला. 2019 मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. पुढे 29 जानेवारी 2021 च्या कायद्याने ग्रामीण भागातले आवाज आणि वास देशाच्या सामाईक वारशात धरले गेले.