गोरिला माणसं खातो हे पोरांना कुणी सांगितलं?

बालवाडीत जंगली प्राण्यांचा तक्ता लावला की वाघ बघून पोरं डरकाळी फोडतात, हत्तीला हाताची सोंड करून दाखवतात आणि गोरिलाचं चित्र आलं की दोन-तीन जण माझ्या पदराआड. "बाई, हा माणसं खातो ना?" दापोलीच्या किनाऱ्याकडच्या आमच्या वाडीतली ही पोरं, यांच्या कौलांवर रोज वानर उड्या मारतात, त्यांना कुणी घाबरत नाही. मग न बघितलेल्या गोरिलाची एवढी धास्ती कुठून आली, ते शोधायला गेले तर खूप मागे जावं लागलं.

नावापासून बघा. अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा हॅनो नावाचा दर्यावर्दी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली गेला, तिथे अंगभर केस असलेली रानटी माणसं दिसली असं त्याने नोंदवलं आणि दुभाष्यांनी सांगितलेलं त्यांचं नाव 'गोरिल्लाई'. तेच नाव १८४७ मध्ये अमेरिकन मिशनरी डॉक्टर थॉमस सॅव्हेजने उचललं, त्याला गॅबॉनमध्ये या प्राण्याच्या कवट्या मिळाल्या होत्या. इथपर्यंत ठीक होतं. पण १८६१ मध्ये पॉल द्यु शाय्यूचं प्रवासाचं पुस्तक आलं, त्यात गोरिला म्हणजे दात विचकत, छाती बडवत अंगावर येणारा राक्षस, ते पुस्तक प्रचंड गाजलं, मग १९३३ मध्ये 'किंग काँग' सिनेमा आला आणि तेच चित्र जगभर जाऊन बसलं. आमच्या तक्त्यावरचा गोरिलासुद्धा तोंड वासूनच उभा आहे.

त्याच्यासोबत शांतपणे बसून बघायचं कुणाला फारसं सुचलंच नाही, जो तो बंदूक घेऊन जायचा. अमेरिकेचा कार्ल एकली १९२१ मध्ये मध्य आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरात म्युझियमसाठी गोरिला मारायलाच गेला होता, पण मारल्यावर त्याचं मनच पालटलं आणि त्याने बेल्जियमच्या राजाच्या मागे लागून १९२५ मध्ये तिथे अभयारण्य करून घेतलं. खरी गोष्ट सुरू होते १९५९ ला. जॉर्ज शॅलर हा प्राण्यांचा अभ्यासक त्याच विरुंगाच्या डोंगरात बिनहत्यारी गेला, लपून नाही, गोरिलांना दिसेल असा बसायचा, आणि दिसलं काय तर दिवसभर पाला खाणारं, दुपारी आडवं होणारं एक कुटुंब. पाठीवर रुपेरी केस आलेला मोठा नर पुढे, त्याच्या मागे माद्या, आईच्या पाठीवर पिल्लू. खाणं म्हणजे रानटी सेलरी, बांबूचे कोवळे कोंब, आपल्या खाजकुयलीसारखी झोंबणारी पानंसुद्धा. माणूस कुठेच नाही! १९६७ पासून डायन फॉसी ही अभ्यासक तिथेच राहिली, नाकावरच्या रेषांची चित्रं काढून एकेकाला ओळखायची. छाती बडवणं म्हणजे बहुतेक वेळा 'मी इथे आहे, लांब रहा' एवढंच, आणि ते मूठ वळून नाही तर तळहात उघडा, किंचित पोकळ ठेवून, पिल्लं तर खेळतानाही बडवतात. फॉसीचा लाडका गोरिला डिजिट १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला, हे मी पोरांना सांगत नाही, मोठी झाली की कळेल. विरुंगात १९८० च्या आसपास जेमतेम अडीचशे उरले होते, २०१८ पर्यंत विरुंगातले आणि बाहेरचे सगळे डोंगरी गोरिला मिळून हजाराच्या वर गेले, हे मात्र आवर्जून सांगते.

आता हे चार वर्षांच्या पोराला शिकवायचं कसं, तर त्याचं उत्तर आपल्या कोकणातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे डहाणूच्या किनाऱ्यावर, बालवाडी सुरू केली, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं नाहीत, शिंपले, बिया, पानं, माती, जे पोराच्या हाताशी आहे त्यातूनच सुरुवात. मला यापेक्षा चांगली रीत अजून दिसलेली नाही.

म्हणून मी तक्ता काढून ठेवला आणि अंगणात पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, गोळा केला, थोडं हिरवं कवळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, आणलं. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पानं वाकवून नवीन घरटं करतो, कालच्यात झोपत नाही, आणि पिल्लू तीन-चार वर्षांचं होईपर्यंत आईच्याच घरट्यात. पोरांनी गोल घरटी केली, आत आडवी झाली, एकाने लगेच विचारलं "बाई, याला शेपूट कुठाय?" नाही बाळा, शेपूट वानराला, गोरिला तुझ्यामाझ्यासारखाच बिनशेपटीचा. मग पदराआड लपणारी ती पोरगी म्हणाली, "पावसात काय करतो?" म्हटलं, तिथेही खूप पाऊस, तो हात छातीशी घट्ट धरून, खाली मान घालून बसून राहतो पाऊस थांबेपर्यंत.

सगळी तशीच बसली, ती पण, कितीतरी वेळ.