फिशर उघडं का राहतं?

पुण्यातल्या कुठल्याही पेठेतून चक्कर मारा, ‘मूळव्याध, फिशर, भगंदर’ ही त्रयी एखाद्या तरी पाटीवर भेटतेच. त्याच शहरात भूशास्त्राची मुलं हातोडी घेऊन टेकड्यांवर फिरतात, आणि त्यांच्याही तोंडी ‘फिशर’ असतं. अर्थ सरळ आहे: चीर, भेग. पण डॉक्टर काय किंवा भूशास्त्रज्ञ काय, चीर पडली कशी यापेक्षा ती उघडी कोण ठेवतंय, हे त्यांना आधी बघावं लागतं.

पाटीवरचं फिशर आधी घेऊ, कारण लाजेपायी लोक ते महिनोन्‌महिने अंगावर काढतात. मलावरोध झाला, जोर करावा लागला की गुदद्वाराच्या आतलं नाजूक अस्तर फाटतं. बहुतेकदा मागच्या, माकडहाडाकडच्या बाजूला. गुदद्वार मिटून ठेवणाऱ्या स्नायूंपैकी आतला स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. दुखलं की तो आवळतो. आवळला की तिथला रक्तपुरवठा, जो मागच्या बाजूला मुळातच बेताचा, आणखी घटतो. रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही, भरत नाही म्हणून दुखतं, आणि दुखतं म्हणून तो पुन्हा आवळतो. शौचाहून आल्यावर तास-दोन तास जीव नकोसा होतो तो यामुळे.

म्हणून पोट साफ ठेवण्याच्या जोडीला उपचार चालतो तो चिरेपेक्षा स्नायूवर. कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगतात ते त्याला सैलावण्यासाठी. मलमात नायट्रोग्लिसरीन असतं, म्हणजे हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या गोळीतलंच औषध. ते स्नायू ढिला करतं, रक्तवाहिन्या रुंदावतं. काहींचं डोकं मात्र ठणकतं. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर सर्जन चीर शिवत बसत नाही, बाजूने त्या स्नायूचा थोडा भाग कापतो. ताण गेला की चीर आपली आपण भरते. (रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं घरच्या घरी ठरवू नये. एकदा तपासून घ्यावं.)

मेंदूतलं सिल्व्हियन फिशर या पंगतीत बसत नाही. तिथे काही फाटलेलंच नसतं. गर्भात मेंदूचा पृष्ठभाग वाढता वाढता दुमडतो आणि त्याच्या दोन भागांमध्ये खोल घळ राहते.

आता पायाखालची भेग. सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड शोधणारे हौशी ट्रेकर बरेच भेटतात. शंकूच्या आकाराचा, डोक्यावर तोंड असलेला डोंगर सापडणं कठीणच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्या थरांचं आज उरलेलं दख्खनमधलं क्षेत्रच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतं. असा उद्रेक माणसाने पाहिला तो आइसलँडमध्ये, 1783 साली: लाकी इथली सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग आठ महिने लाव्हा ओकत होती.

इथे भेग उघडी ठेवतो तो खालून रेटणारा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, आणि कधी जमिनीला बसलेली ओढ. रेटा संपला की आतला रस जागीच थिजतो आणि उभ्या भिंतीसारखा खडक तयार होतो. त्याला डाइक म्हणतात. नर्मदा-तापीच्या पट्ट्यातले बरेच डाइक पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे तिथे जमीन उत्तर-दक्षिण ओढली जात होती. नाशिक-पुणे भागातले मात्र वाटेल त्या दिशेला गेलेले. त्यावरून अभ्यासक म्हणतात की इथे एका दिशेची मोठी ओढ नसावी, शिलारसानेच वाट फोडली असावी.

डाइक ओळखायचा असेल तर त्याची कड बघावी. थंड खडकाला टेकलेला रस पटकन गोठल्याने तिथला कण फार बारीक, कधी काचेसारखा असतो. लाव्हाच्या थरात उभे दिसणारे बहुकोनी खांब डाइकमध्ये आडवे पडतात, सरपण रचून ठेवल्यासारखे, कारण इथे थंडी दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून आत शिरते. विहिरीच्या पाण्याशीही त्याचा संबंध आहे. घट्ट डाइक भूजलाला बांधासारखा अडवतो, तर तडकलेला पाणी वाहून नेतो. त्यामुळे एकाच्या शेतात बारमाही पाणी आणि बांधापलीकडे कोरडा बोअर, असंही घडू शकतं.