परदेशी सॉफ्टवेअरचं बिल बिनटॅक्सचं आलं, तरी जीएसटी आपल्यालाच भरायचा असतो

सांगलीत अंतर्गत सजावटीचं काम करणाऱ्या एका ताईंच्या हिशोबाच्या फायली गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. घरांचे आराखडे काढायला त्या एक परदेशी सॉफ्टवेअर वापरतात. वर्षाचं साधारण १,२०,००० रुपयांचं बिल थेट क्रेडिट कार्डावरून कापलं जातं. बिलावर टॅक्सच्या रकान्यात शून्य. त्यामुळे ते खर्चात टाकलं गेलं आणि विषय संपला, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याकडे जीएसटी नंबर आहे, आणि म्हणून त्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर आणि राज्याबाहेरच्या व्यवहारांवर लागणारा जीएसटी), म्हणजे २१,६०० रुपये, भरण्याची जबाबदारी त्यांचीच होती. हा कर क्रेडिट म्हणून, म्हणजे आपल्या विक्रीवरच्या करातून वजा होऊन, परत मिळतो. उशिराचं व्याज मात्र मिळत नाही. ते वर्षाला १८ टक्क्यांनी बसतं, म्हणजे या एका बिलावर वर्षभराचे ३,८८८ रुपये.

ही चूक फार ठिकाणी दिसते. विक्रेता परदेशात, खरेदीदार भारतात आणि वस्तू इंटरनेटवरून उतरवलेली, असा व्यवहार कायद्याच्या भाषेत ‘सेवेची आयात’ असतो. एरवी कर विक्रेता गोळा करतो. इथे तो आपल्या हद्दीबाहेर असल्याने ते काम खरेदीदाराकडे येतं. यालाच रिव्हर्स चार्ज किंवा आरसीएम म्हणतात.

आधी बिल नीट बघा

विक्रेत्याचं नाव परदेशी असलं म्हणून बिल परदेशी असतंच असं नाही. पुष्कळ मोठ्या कंपन्या भारतातल्या उपकंपनीच्या नावाने बिल देतात. बिलावर २७, २९, ०७ अशा एखाद्या राज्याच्या कोडने सुरू होणारा जीएसटी नंबर असेल, तर ती साधी देशांतर्गत खरेदी आहे. क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टल बनवतं त्या आपल्या क्रेडिटच्या यादीत, दिसेल, आरसीएमचा प्रश्न येत नाही.

नंबर ९९ ने सुरू होत असेल आणि १८ टक्के कर लावलेला असेल, तर सावध व्हा. हा नंबर परदेशातून ऑनलाइन सेवा विकणाऱ्यांचा असतो. बिनानोंदणीच्या ग्राहकांकडून कर गोळा करून ते तो जीएसटीआर-५ए या विवरणपत्रातून भरतात. आपण त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडताना जीएसटी नंबर टाकला नाही, म्हणून त्यांनी आपल्याला तसं ग्राहक धरलं. या कराचं क्रेडिट आपल्या २बी मध्ये कधीच येत नाही. पैसे गेले ते गेलेच. खात्याच्या बिलिंग सेटिंगमध्ये आपला जीएसटी नंबर आणि व्यवसायाचं नाव आजच भरा, आणि लागलेल्या कराचं बिल दुरुस्त करून मागा. बिल मालकाच्या व्यक्तिगत नावाने येत असेल तर तेही व्यवसायाच्या नावाने करून घ्या. क्रेडिट मागताना बिलावरचं नाव आधी बघितलं जातं.

तिसरा प्रकार ताईंचा: पत्ता परदेशी, कर शून्य. इथे आरसीएम लागतो. (सॉफ्टवेअर डब्यात, सीडीवर आलं तर ती मालाची आयात. तिचा कर सीमाशुल्काकडे बिल ऑफ एंट्रीवर भरला जातो. आता हे क्वचितच घडतं.)

नोंदणी नसेल तर?

महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाख आणि फक्त माल विकणाऱ्यांना ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. अशा बिनानोंदणीच्या व्यावसायिकाने क्लाउडवरचं किंवा डाउनलोड होणारं तयार सॉफ्टवेअर घेतलं, तर कराची जबाबदारी परदेशी विक्रेत्याची. १ ऑक्टोबर २०२३ पासून व्याख्या बदलली आणि ऑनलाइन सेवा घेणारी कुठलीही बिनानोंदणीची व्यक्ती यात आली, वापर धंद्यासाठी असला तरी. विक्रेत्याने भारतात नोंदणी घ्यायची असते आणि तिचं काम बेंगळुरू पश्चिम आयुक्तालयाकडे चालतं, ग्राहक चंद्रपूरचा असो की म्हापशाचा.

पण एखाद्या परदेशी प्रोग्रामरकडून आपल्या दुकानापुरतं खास सॉफ्टवेअर लिहून घेतलं, तर गोष्ट वेगळी. माणसाने बसून केलेलं काम नुसतं ईमेलने आलं, एवढ्याने ते या ऑनलाइन सेवांत बसत नाही. मग आरसीएम आपल्यावर येतो, आणि आरसीएमने कर भरावा लागणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. असं काम देण्याआधी करसल्लागाराशी बोला. पैसे पाठवून झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

नोंदणीचा अर्ज जीएसटी पोर्टलवर आरईजी-०१ मध्ये करायचा, शुल्क नाही. पॅन, आधार, मालकाचा फोटो, जागेचा पुरावा (वीजबिल किंवा कर पावती, भाड्याची जागा असेल तर भाडेकरार, घरच्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र) आणि बँक खात्याचा तपशील एवढं लागतं.

भरायचं कसं

बिल आलं की स्वतःच्या नावाने एक बीजक बनवायचं. याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. त्यावर विक्रेत्याचं नाव-पत्ता, सेवेचं वर्णन, रुपयांतली किंमत, १८ टक्के आयजीएसटी आणि ‘कर रिव्हर्स चार्जने देय’ हा उल्लेख हवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून हे बीजक सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत करणं नियमाने बंधनकारक आहे. सोबत पैसे दिल्याचं पेमेंट व्हाउचर. अशा बीजकांचे क्रमांक जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्येही द्यावे लागतात, बरेच जण ते विसरतात.

डॉलरचा दर कर लागू झाल्याच्या तारखेचा धरायचा. समजा १०० डॉलरचं बिल आहे आणि दर ८५ रुपये: किंमत ८,५००, कर १,५३०. कार्डाच्या स्टेटमेंटवर याहून जास्त रक्कम दिसेल, कारण त्यात बँकेचा विनिमय अधिभार असतो. ते बँकेचं शुल्क आहे, सॉफ्टवेअरची किंमत नव्हे.

कर लागू होण्याची तारीख म्हणजे व्यवहारात जवळपास नेहमी पैसे कापले गेल्याचा दिवस. पैसे देण्याआधीच सेल्फ इन्व्हॉइस बनवलं, तर १ नोव्हेंबर २०२४ पासून कर त्या बीजकाच्या तारखेला लागू होतो. वर्षभराची वर्गणी एप्रिलमध्ये एकदम भरली तर कर एप्रिलचाच, बारा महिन्यांत वाटून नाही.

त्या महिन्याच्या जीएसटीआर-३बी मध्ये, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्रात, रक्कम तक्ता ३.१(डी) मध्ये लिहायची. आता सगळ्यात महत्त्वाचं: हा कर कॅश लेजरमधूनच, म्हणजे पोर्टलवर चलनाने भरलेल्या पैशांच्या खात्यातूनच, भरावा लागतो. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर रुपये पडून असले तरी ते इथे चालत नाहीत. चलन काढायचं, पैसे भरायचे आणि मगच विवरणपत्र दाखल करायचं. तेवढीच रक्कम त्याच विवरणपत्रात तक्ता ४(ए)(२), म्हणजे सेवांच्या आयातीच्या रकान्यात, क्रेडिट म्हणून घेता येते. ती ४(ए)(५) मध्ये टाकू नका. ऑगस्ट २०२४ पासून पोर्टल आरसीएमचा भरणा आणि त्याचं क्रेडिट यांचा वेगळा ताळा ठेवतं. रकाना चुकला की तिथे फरक दिसतो, आणि पुढे तो निस्तरत बसावं लागतं. मासिक विवरणपत्राची मुदत पुढच्या महिन्याची २० तारीख. त्रैमासिक योजनेत महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तिमाहीनंतरची २२ तारीख.

कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या, दुकानदारांना यात खरा फटका बसतो. त्यांनाही पूर्ण १८ टक्के भरावे लागतात, सीएमपी-०८ या त्यांच्या तिमाही फॉर्ममधून, आणि क्रेडिट काहीच नाही. त्यांनी सॉफ्टवेअर निवडताना किमतीत हे १८ टक्के आधीच मिळवून बघावेत. भारतीय बिल देणारं सॉफ्टवेअर त्यांना दरवेळी स्वस्त पडेल असंही नाही, कारण कर तिथेही आहे. निदान बीजक आणि चलनाची धावपळ वाचते.

जुनी बिलं राहिली असतील तर

ताईंची दोन वर्षांची बिलं अशीच राहिली होती. त्यांना वाटलं, क्रेडिटची मुदत गेली. तसं नाही. २६ जून २०२४ च्या परिपत्रक २११ ने स्पष्ट केलं आहे की बिनानोंदणीच्या पुरवठादाराकडून घेतलेल्या आरसीएमच्या सेवेत, ज्या आर्थिक वर्षात आपण सेल्फ इन्व्हॉइस बनवतो, त्या वर्षापासून मुदत मोजायची. म्हणजे ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवर. उशिरा बीजक केल्याबद्दल व्याज लागतं आणि दंडही होऊ शकतो, हे त्याच परिपत्रकात आहे. आम्ही दोन्ही वर्षांची सेल्फ इन्व्हॉइस बनवली, कर आणि व्याजाचं चलन भरलं, कराचं क्रेडिट त्याच महिन्यात घेतलं, आणि विक्रेत्याची मूळ बिलं, कार्डाची स्टेटमेंटं, चलन हे सगळं एका फायलीत लावलं. यंदाची वर्गणी कापली जाण्याच्या आदल्या आठवड्यातच ताईंनी फोन करून विचारलं, ‘चलन किती रुपयांचं काढू?’